हरिहराचे पाय

थोरल्याच्या मुलीचं, चिमीचं, ठरलेलं लग्न मोडलं, त्या वर्षाची ही गोष्ट. मोडलं ते मुलाकडच्यांनी नव्हे, चिमीनंच. कारण विचारलं तर म्हणाली, "त्याला आपल्या दगडांची भीती वाटते." बाहेरच्यांनी तोंडात बोटं घातली, पण घरात ते कारण सगळ्यांना पटलं. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला बिनहातांचा विष्णू आणि दुसऱ्या टोकाला बिनडोक्याची उमा उभी असायची. अशा घरात जावई म्हणून यायचं तर घास गिळण्याचं तेवढं धैर्य हवंच होतं.

लग्नाची जी तारीख धरली होती, त्याच दिवशी घरी पाहुणे आले. वरात नाही, सनई नाही. दोनच माणसं आली, एक बाई आणि एक कारागीर, आणि त्यांच्याबरोबर एक लाकडी खोका. खोक्यात पाय होते.

धाकटी सून सकाळपासून दारात उभी होती. तिच्या नवऱ्याला, म्हणजे धाकट्याला, जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत तिनं सासऱ्याकडं, आबांकडं, एकच गोष्ट मागितली होती. दागिने नाहीत, वाटा नाही. हरिहराला परत पाठवा, एवढंच. आज त्याचा निकाल लागायचा होता.

आबांचा धंदा दगडाचा. जिन्याच्या पायऱ्या, स्वयंपाकाचे ओटे, खिडक्यांच्या पट्ट्या, थडग्यांचे दगड, सगळं त्यांच्या कारखान्यात कापून, घासून, चकचकीत होऊन बाहेर पडे. पण मन गुंतलं होतं ते ख्मेर दगडांत. ख्मेर लोकांचा देश त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. हजार-बाराशे वर्षांपूर्वी तिकडच्या राजांनी विष्णू, शिव, गणपती रेतीच्या दगडात घडवले, जंगलातल्या देवळांत बसवले, आणि आपल्या काळात तिथं लढाया सुरू झाल्यावर ते देव एकेक करून देवळांतून निघाले. कसे निघाले, कोणी काढले, हे आबांनी दलालाला विचारलं नाही आणि दलालानं सांगितलं नाही. पेटी यायची. पेटी उघडली की आबा आत वाकून बघायचे. मग हात फिरवायचे. या घरात देवांना कोणी हात जोडत नसे, हात लावत. शेजारी गमतीनं म्हणत, यांच्या घरी देव पुजत नाहीत, पाळतात.

सगळ्यांत मोठा हरिहर. माणसाच्या उंचीचा, हिरवट करड्या दगडाचा. डोक्याच्या अर्ध्या भागावर शिवाच्या जटा, अर्ध्यावर विष्णूचा मुकुट, आणि दोन्हींच्या मधून उतरणारी सरळ रेघ. ओठ मात्र एकच, जरासे मिटलेले, एखादी गोष्ट सांगू की नको असं चाललेलं असावं तसे. तो आला तेव्हा आबांनी दोन्ही मुलांना समोर उभं केलं होतं. "जटा थोरल्याच्या, मुकुट धाकट्याचा. भांडायचं नाही." दोघे भाऊ तेव्हा चांगले लग्न झालेले, हसले होते.

तेच धाकटीचं घरातलं पहिलं वर्ष. लग्नानंतरचा पहिलाच आठवडा. या घराण्याची एक रीत होती. घरात नवं माणूस आलं आणि त्याच सुमारास नवा दगड आला, तर दगड मशीनवर चढवताना पाणी त्या नव्या माणसानं घालायचं. दगड कापताना, घासताना वर पाण्याची धार धरावी लागते, नाहीतर पातं तापतं आणि धूळ छातीत जाते. थोरल्या सुनेनं विष्णूला घातलं होतं, धाकटीच्या वाट्याला हरिहर आला. आबा मशीनवर, दोघे भाऊ पट्टे धरून, आणि हिरव्या बांगड्यांच्या हातात पाण्याचा जग. दुधासारखं करडं पाणी तिच्या नव्या चपलांवरून वाहत अंगणात गेलं. धाकटा ओरडून म्हणाला, धार मोडू देऊ नकोस. तिनं मोडू दिली नाही. आबा म्हणाले, पोरीचा हात स्थिर आहे. त्या दिवशी ती या घरची झाली, असं तिला पुढं कायम वाटत आलं.

पुढं दलालाबरोबर धाकटा एकदा त्या देशात गेला. नवे दगड बघायला म्हणून गेला आणि एक पडकं देऊळ बघून आला. गाभाऱ्यात चौथरा होता, आणि चौथऱ्यावर नुसते पाय. घोट्यापाशी तोडलेले. गावातली एक म्हातारी त्या पायांवरचा पाला रोज झाडत होती. धाकट्यानं त्या पायांवर आपली वीत ठेवून पाहिली, आणि घरी येऊन आबांना सांगितलं, हरिहराचे पाय तिथं आहेत, हा त्यांच्याकडं गेला पाहिजे. आबा हसले. "पाय नाहीत म्हणून तर आपल्याकडं टिकला. नाहीतर चालत गेला असता." धाकटा हसला नाही. बापलेकांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. धाकटा पुन्हा तिकडं गेला, देऊळ साफ करायला, मोजमापं घ्यायला, आणि तिकडचा ताप घेऊन आला. शेवटच्या दिवसांत बहिणीनं, आक्कानं, त्याची सेवा केली. ती नर्स होती. तापात तो एकच विचारायचा, "उभा राहिला का?" आक्का म्हणायची, राहिला रे, राहिला.

धाकटीनं ते ऐकलं होतं. तेव्हापासूनच तिचं मागणं सुरू झालं.

आबांनी वर्षानुवर्षं मनावर घेतलं नाही. थोरलाही त्यांच्याच बाजूचा. तो म्हणे, धाकट्याचं म्हणून या घरात काय उरलंय, तो अर्धा मुकुटच ना, तोही पाठवून द्यायचा? आक्का मात्र धाकटीच्या बाजूनं उभी राहिली. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून ती माहेरी परत आली होती, आणि या घरात तिच्यापुढं आबांचंही फार चालत नसे. मागच्या वर्षी आबांचं डावं अंग गेलं. तोंड वाकडं झालं, पण बोलणं आणि हट्ट दोन्ही शाबूत राहिले. तेव्हा आक्कानं त्यांना भरवता भरवता विषय काढला. तोंडातला घास गिळून आबा म्हणाले, "मी चोर नाही. पाय आणून दाखवा. बसले तर घेऊन जा. नाही बसले तर माझ्या घरात हा विषय पुन्हा नाही." त्यांनी उजवा हात पुढं केला. थोरल्यानं त्यावर हात ठेवला, आक्कानं ठेवला, आणि शेवटी धाकटीनंही ठेवला. तिच्या मनात शंकेचा कणही नव्हता. नवऱ्यानं वितीनं मोजलेले पाय होते ते.

पाहुण्या बाई तिकडच्या सरकारच्या जुन्या वास्तूंच्या खात्यातल्या. उंच, शांत, कमी बोलणाऱ्या. बरोबरचा कारागीर पिकल्या केसांचा, त्याच देवळाच्या गावचा. त्यांची भाषा चिमीला येत नव्हती, पण बाईंना येणारी दुसरी एक भाषा चिमीला येत होती, त्यामुळे बोलणं दोन उड्या मारून इकडं येई. मूळ पाय देवळातून हलवायचे नाहीत, म्हणून त्यांचा साचा घेऊन प्लास्टरचे पाय करून आणले होते. रेषभरही फरक नाही, असं बाईंनी सांगितलं. त्यांच्या खात्याचंही आबांसारखंच होतं. तोडलेली कड तोडलेल्या कडेला जुळली की वाद संपतो. त्याहून मोठा पुरावा नाही.

"म्हणजे आबा आणि ते सरकार एकाच मापाचे," आक्का धाकटीच्या कानाशी पुटपुटली. "आता बसले की सुटलीस बाई."

बैठकीच्या खोलीत थोरल्यानं आदल्या दिवशीच साखळीची कप्पी बांधून ठेवली होती. चिमीच्या लग्नाच्या पाहुण्यांसाठी घेतलेल्या नव्या गाद्या जमिनीवर अंथरल्या होत्या. आबांची चाकाची खुर्ची खिडकीशी. त्यांना स्वच्छ सदरा घातला होता, आणि डावा हात मांडीवर कोणीतरी ठेवून दिल्यासारखा पडला होता.

थोरल्यानं साखळी ओढली. हरिहर काळ्या ग्रॅनाइटच्या बैठकीवरून हळूहळू वर आला. आतली लोखंडी सळई किंचाळत सुटली. मग तो आडवा झाला आणि गाद्यांवर उताणा निजला. आजवर कोणी त्याला निजलेला पाहिला नव्हता. धाकटीला एकदम धाकट्याची शेवटची गादी आठवली. तिनं मान वळवली.

कारागिरानं खोका उघडला. वरचा भुसा दोन्ही हातांनी बाजूला सारला, आणि एकेक पाय बाहेर काढून चादरीवर ठेवला. पाय रुंद होते, चालणाऱ्या माणसाचे. बोटं पसरलेली, डाव्या पायाची करंगळी झिजलेली, नखं अजून दिसत होती. घोट्यांच्या वर मात्र फुटलेल्या मडक्याच्या कडेसारखी वेडीवाकडी दातेरी कड. छिन्नीचे घाव साच्यातसुद्धा उतरले होते. आबा खुर्चीत पुढं वाकले. "किती सुंदर," ते म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या तोंडून हा शब्द आला होता.

कारागिरानं हरिहराच्या पोटऱ्यांपाशी गुडघे टेकले. खाली वाकून पाहिलं. मग बसल्या जागी थांबला.

तो का थांबला ते धाकटीला कळेना. ती दोन पावलं पुढं गेली आणि तिलाही दिसलं.

हरिहराच्या घोट्यांखाली कडच नव्हती. तळाशी दोन गोल होते, सपाट, गुळगुळीत, आरशासारखे घासलेले. खिडकीतला उजेड त्यात चमकत होता. मधोमध सळईसाठी पाडलेलं नेमकं भोक.

या घराण्यात तुटकी कड तशीच ठेवत नसत. आबा कामगारांना सांगत, तुटकी कड म्हणजे दगडाच्या तोंडची शिवी. पायरी असो, ओटा असो, देव असो. कारखान्याच्या दारातून आत आलेल्या प्रत्येक दगडाची कड मशीनवर सरळ व्हायची, काटकोनाला गुण्या लावून, ओळंबा सोडून. नखं वाढली की कापावीत, तसं. नखं कापली हे कोण लक्षात ठेवतं? गेलं वर्षभर घरात पायांशिवाय दुसरा विषय नव्हता, पण घासलेली कड कोणाला आठवली नाही. आबांना नाही, थोरल्याला नाही, आणि जिनं पाणी घातलं तिलाही नाही.

कारागिरानं तरी प्रयत्न केला. एक पाय उचलून त्या सपाट गोलाला लावला. दातेरी कडेची दोनच टोकं टेकली आणि पाय डुगडुगला. पाय फिरवून पाहिला. दुसरा लावला. घोट्याजवळ दगड वर जाड होत जातो, त्यामुळे मापही जुळेना. मधला जेवढा भाग जुळवणी करणार होता, तेवढाच नाहीसा झाला होता. त्यानं मधल्या फटीत आपली चार बोटं आडवी घातली. ती आरामात आत गेली.

"मागंपुढं करून बघा," आबा म्हणाले. "कधीकधी बसायला वेळ लागतो."

चिमीनं ते सांगितलं. कारागिरानं मान हलवली आणि बाईंना काहीतरी विचारलं, बाईंनी चिमीला. चिमी आबांकडं बघून म्हणाली, "ते विचारतायत, हे घासलं कोणी?"

थोरल्यानं खाली पाहिलं. आक्कानं पदर तोंडाशी नेला.

"मी," आबा म्हणाले. आवाजात अभिमान होता, लपवलेला नव्हता. "माझ्या हातानं. त्यांना म्हणावं, पाणसळ ठेवून बघा, पातळी कळेल. इतक्या वर्षांत केसभर हललेला नाही."

ते शब्द दोन भाषांतून कारागिरापर्यंत पोचले. त्यानं त्या सपाट दगडावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, आणि हळू आवाजात काही बोलला. बाईंनी ते चिमीला सांगितलं. चिमी बोलेना.

"काय म्हणतो?" आबा म्हणाले.

"काही नाही, आबा."

"अगं, सांग. घर माझं आहे."

चिमी म्हणाली, "ते म्हणतायत, काम फार स्वच्छ झालंय."

आबा हसले. अर्ध्याच तोंडानं हसले, कारण दुसरं अर्धं हसत नव्हतं. पण हसणं मधेच थांबलं. त्यांनी त्या चार बोटांच्या फटीकडं पाहिलं, मग पायांकडं, मग पुन्हा फटीकडं. जन्मभर दगडाचं माप नजरेनं घेणारा माणूस तो. काय गेलंय आणि ते आता कुठल्याच दुकानात मिळणार नाही, हे त्यांना इतर कोणापेक्षाही आधी कळलं असणार. पण ते एवढंच म्हणाले, "बसले नाहीत."

पुढचं बोलणं बराच वेळ चाललं आणि त्यातून काहीच निघालं नाही. बाईंनी समजावून सांगितलं की जुळवणी नसली तरी मूर्ती तिथलीच असल्याची त्यांची खात्री आहे. पण खात्री म्हणजे पुरावा नव्हे, आणि पुराव्याशिवाय त्यांचं खातं मागू शकत नाही. घरच्यांनी आपणहून दिली तर मात्र कोणी काही विचारणार नाही, आजच पेटीत घालता येईल. पाय पुरे जोडले जाणार नाहीत. मधे नवा दगड घालावा लागेल, आणि तो नवाच दिसेल. चालेल. त्या चौथऱ्याला तेवढंही चालेल.

सगळ्यांनी आबांकडं पाहिलं.

आणि इथं एक गोष्ट अशी झाली की ज्याची धाकटीनं कल्पना केली नव्हती. इतकी वर्षं आडकाठी घालणारा थोरला आबांच्या खुर्चीशी जाऊन खाली बसला. "आबा, देऊन टाका," तो म्हणाला. "तेव्हा पट्टा मी धरला होता. धाकट्याचाही हात होता त्यावर. देऊन टाका, मी पाया पडतो."

आबा काही बोलायच्या आत आक्का बोलली. "शब्द काय ठरला होता, दादा? बसले तर. हात ठेवला होतास ना तू?"

"आक्का, अगं तूच तर..."

"मीच. पण बघ त्यांच्याकडं." आबांच्या कपाळावर घामाचे थेंब उभे होते. आक्कानं नाडी धरली. "एकाला मी खोटं सांगून पाठवलं, उभा राहिला म्हणून. दुसऱ्याच्या डोळ्यांसमोरून हा उचलून नेलेला मला बघवणार नाही. शब्द तो शब्द."

धाकटी म्हणाली, "वन्सं, तुम्ही ऐकलं होतं ना तो काय विचारत होता ते?"

"ऐकलं होतं. तू एकटीनंच नाही ऐकलं, धाकटे. तो माझा भाऊ होता."

धाकटीनं स्वतःच्या उजव्या हाताकडं पाहिलं. तिनंही हात ठेवलेला होता.

आबांनी डोळे मिटले होते. ते उघडून त्यांनी पायांकडं बोट केलं. "त्यांना विचार," चिमीला म्हणाले, "हे पाय ठेवून जाल का? मूळ तर तिकडं आहेतच. हे इथं राहू देत. इथं तरी तो पुरा उभा राहील."

चिमीनं आजोबांकडं असं पाहिलं, जणू त्या मुलाला या घरातल्या दगडांची भीती का वाटत होती, ते तिला आत्ता कळलं होतं. पण तिनं विचारलं. बाईंचा चेहरा क्षणभर दगडासारखा झाला. कारागीर मात्र नुसता उठला, गुडघ्यावरचा भुसा झाडला, दोन्ही पाय उचलून आबांच्या मांडीवर ठेवले, एक निर्जीव हातावर आणि एक जिवंत हातावर, आणि खोका रिकामाच उचलून बाहेर गेला. दारात धाकटीपाशी थांबला. तिला त्याची भाषा येत नव्हती, त्याला तिची. त्यानं जमिनीवर पाला झाडल्यासारखा हात केला, मग स्वतःच्या छातीवर ठेवला. ती म्हातारी त्याची आई होती की आणखी कोणी, हे विचारायला चिमी जवळ नव्हती. गाडी निघून गेली.

थोरला अंगणात येऊन उभा राहिला. धाकटी आधीच तिथं होती. कारखान्यातलं करडं पाणी वर्षानुवर्षं याच अंगणात सोडलेलं. ते वाळून फरशीसारखं टणक झालं होतं. इथं गवताची काडी कधी उगवली नाही. मुलं लहान असताना यावर लगोरी खेळत, कारण चेंडू सरळ उडे.

"इथंच कुठंतरी असेल," धाकटी म्हणाली.

"काय?"

"त्याचे घोटे."

थोरल्यानं पायाखाली पाहिलं आणि नकळत एक पाऊल बाजूला सरकला. पण बाजूलाही तेच होतं.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "आबा किती दिवसांचे आहेत आता? ते गेले की आपण पाठवू. मी तुला सांगतो ना."

"आणि वन्सं?"

"आक्काला मी समजावीन."

"भाऊजी, आक्कांना आजवर कोणी समजावलंय?" दोघांनीही हसायला हवं होतं, असं ते वाक्य होतं. कोणी हसलं नाही. "आणि समजावलंत तरी काय पाठवणार? ज्याच्यावर तो उभा राहायचा, ते मीच धुऊन टाकलं. माझा हात स्थिर होता."

"तुला काय ठाऊक होतं तेव्हा?"

"काहीच नव्हतं. म्हणून तर धार मोडली नाही."

आतून आबांची हाक आली. "सूनबाई." ते तिला कधी सूनबाई म्हणत नसत, पोरी म्हणत. ती आत गेली. हरिहर अजून गाद्यांवर निजलेला. आक्का औषध आणायला गेली होती. आबांनी मांडीवरचा एक पाय गुडघ्यांत आवळून धरला होता आणि उजव्या हातात कानस होती. टेबलाच्या खणात त्यांची जुनी हत्यारं असत, तिथून घेतली असावी. दातेरी कडेवर कानस ओढत होते. प्लास्टरची पांढरी भुकटी सदऱ्यावर सांडत होती.

"आबा, हे काय?"

"कड सरळ केली की बसतील," ते म्हणाले. अगदी साध्या आवाजात, कामगाराला सांगावं तसं. "सपाटाला सपाट बसतं. मघाशी सुचलं नाही बघ कोणाला." कानस पुन्हा ओढली. भुकटी त्यांच्या नाकात गेली, खोकला आला, सगळं शरीर हललं. खोकला थांबल्यावर ते म्हणाले, "धूळ फार होतेय. पाणी आण. तू घाल."

मागं दारात थोरला येऊन उभा होता. तो म्हणाला, "नको घालूस." मोठ्यानं म्हणाला नाही.

धाकटी स्वयंपाकघरात गेली. नळ सोडून जग भरला. तो आत नेऊन सगळं आबांच्या अंगावर ओतावं, असं तिच्या मनात आलं. पाय हिसकून घ्यावेत आणि त्या गाडीमागं धावत सुटावं, असंही आलं. पण गाडी केव्हाच गेली होती. ती परत आली तेव्हा आबा तिची वाट बघत होते, कानस हवेत धरून, शाळेतल्या पोरासारखे. त्यांच्या वाकड्या तोंडाच्या एका कोपऱ्यातून लाळ ओघळली होती आणि डोळ्यांतूनही पाणी येत होतं. त्यांनी त्याची दखल घेतली नव्हती.

"हे झालं की दुसरा," ते म्हणाले. "धार मोडू देऊ नकोस."

तिनं जग वाकवला. पांढरं पाणी पायाच्या घोट्यावरून, पसरलेल्या बोटांवरून, झिजल्या करंगळीवरून वाहत आबांच्या मांडीवर आणि तिथून जमिनीवर गेलं. कानस चालत राहिली. थोरल्यानं दार ओढून घेतलं.

आबा त्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दुपारी जेवणानंतर वारले. दुसरा पाय अर्धाच घासून झाला होता. हरिहर पुन्हा काळ्या बैठकीवर उभा केला. त्याच्यावरून थोरला आणि आक्का जन्मभर भांडले, आणि तो कुठंच गेला नाही. धाकटी त्यानंतर सहा वर्षांनी, चिमीचं दुसऱ्यांदा ठरलेलं लग्न झालं त्या उन्हाळ्यात वारली. धाकटा दोघांच्या कितीतरी आधी गेला होता.